बरगड्यांचं डालगं

वेळूवाडी नावाच्या गावात सटवाजी टोपल्या विणायचा. माणूस भोळा, पण हात हुशार. त्याच्या टोपलीत पाणी ओतलं तर ते थोडा विचार करून मग गळायचं. डोक्याचं तसं नव्हतं. डोक्यात ओतलेलं तिथंच साठायचं आणि नको तिथं सांडायचं.

त्याची बायको भामा. तिचा त्याच्यावर जीव होता, आणि त्याच्यापायी तिला जीव नकोसाही झाला होता. ती म्हणायची, “आवं, माणूस सांगतंय ते कशापायी सांगतंय, एवढं तरी इचारत जावा. न्हाईतर एक दिवस मी म्हायेरी जाईन, ती परत यायची न्हाई.”

सटवाला एवढी एकच भीती होती. वाघाची नव्हती, कारण वाघ त्याने कधी पाहिला नव्हता. रागावलेली भामा पुष्कळदा पाहिली होती.

एकदा वेळू तोडताना तो घसरला आणि खुंटावर कुशीवर आपटला. अशी कळ आली की श्वास घेववेना. भामाने त्याला वैद्यबुवांकडे नेलं. बुवांनी दाबून पाहिलं. सटवा ओरडला.

“बरगडी चिरली आहे,” बुवा म्हणाले.

“म्हंजे आत काय असतंय, बुवा?”

बुवांनी त्याला त्याच्याच धंद्यातलं उदाहरण दिलं. पुढे त्यांना याचा फार पश्चात्ताप झाला.

“कोंबड्या झाकायला तू डालगं विणतोस ना? छाती तशीच. मागे पाठीचा कणा, पुढे छातीचं हाड, आणि दोन्ही अंगांनी वाकून आलेल्या बारा-बारा बरगड्या. श्वास घेतलास की डालगं फुगतं, सोडलास की बसतं. म्हणून आवळून बांधायचं नाही. श्वासाला जागा ठेव.”

“ठेवतो,” सटवा म्हणाला.

दुसऱ्या दिवशी बाजार होता. भामाने गाडीत टोपल्या रचल्या आणि म्हणाली, “दोर तेवढा बांधा.” सटवाने दोर बांधला. श्वासाला जागा ठेवून बांधला. पहिल्या खड्ड्यात गाडीने श्वास घेतला. दुसऱ्या खड्ड्यात सोडला. टोपल्या ओढ्यातून पुढच्या गावाला गेल्या.

सटवा बुवांकडे गेला. “बुवा, चुकलं म्हणायचं. आता काय करू?”

“अरे, मोकळं ठेवायचं ते छातीला! टोपल्या करकचून बांधायच्या. आणि छातीतही सगळंच मोकळं नसतं. वरच्या सात बरगड्या मऊ कूर्चेने छातीच्या हाडाला जोडलेल्या. त्याखालच्या तीन आपल्या वरच्या बरगडीच्या कूर्चेला धरून. शेवटच्या दोन तेवढ्या पुढून मोकळ्या. जिथलं तिथं असतं.”

“सात जोडायच्या, तीन टेकवायच्या, दोन सोडायच्या,” असं घोकत सटवा घरी आला.

भामाच्या कोंबड्यांचं डालगं जुनं झालं होतं. त्याने नवं विणायला घेतलं. वेळूच्या वरच्या सात कांबी पक्क्या जोडल्या. तीन टेकवल्या. खालच्या दोन सोडल्या. असं सुबक डालगं गावात कुणी पाहिलं नव्हतं. दुपारी मुंगसाने पाहिलं. कुठून शिरायचं, हा प्रश्न त्याला पडलाच नाही. भामाची तांबडी कोंबडी गेली. ती रोज अंडं द्यायची आणि भामा तिच्याशी सुखदुःखाचं बोलायची. भामाने अर्धं गाठोडं बांधून कोनाड्यात ठेवलं.

ते अर्धं गाठोडं पाहून सटवा धावतच सुटला.

“बुवा, चुकलं म्हणायचं. आता काय करू?” एवढं बोलून तो खोकायला लागला आणि कळ येऊन खाली बसला.

बुवांनी कपाळावर हात मारून घेतला. “आधी ही उशी घे, छातीशी दाबून धर आणि मग खोक. कळ कमी होईल. आणि बरगडी चिरलेली असताना धावतोस काय? असल्या माणसाने हलू नये. गाडीत घालावं आणि आहे तसं माझ्याकडे आणावं.”

सटवा आहे तसा, अगदी न हलता, संध्याकाळपर्यंत बुवांच्या ओसरीवर बसला. शेवटी बुवांनीच त्याला हाकललं.

चार दिवसांनी सासरे आले, राघोजी. भामाने भाकरी आणि ठेचा वाढला. पहिल्याच घासाला राघोजींना ठसका लागला. भामा पाणी आणायला उठली. सटवा उशी आणायला उठला. त्याने ती सासऱ्यांच्या छातीवर ठेवली आणि सगळा भार घालून दाबली. राघोजी उताणे, ठेचा डोळ्यात, ताट उंबऱ्यात.

“मामा, कळ कमी झाली का?” सटवाने विचारलं.

भामाने कोनाड्यातलं गाठोडं काढलं आणि उरलेलं अर्धं बांधलं.

“जावईबापूंच्या डोक्यात उजेड पडंल तवा पोरगी धाडीन,” राघोजी म्हणाले, आणि तिला घेऊन गेले.

सटवा घरात एकटा राहिला. भाकरी थापली, ती करपली. कोंबड्यांशी बोलून पाहिलं, त्याही फारसं बोलल्या नाहीत. बरगडी जुळली, दुखायची थांबली, पण आत कुठंतरी दुखतच होतं. ते कुठलं हाड, हे त्याला सापडेना.

तो बुवांकडे गेला आणि ओक्साबोक्शी रडला. “बुवा, चुकलं म्हणायचं. आता काय करू?”

बुवांनाही वाईट वाटलं. “सटवा, काळीज आणि फुप्फुसं पिंजऱ्याच्या आत का असतात? मोलाची म्हणून. जे मोलाचं, ते जपावं लागतं. तू भामाला जपलं नाहीस. जा, आता तरी जप.”

सटवाने डोळे पुसले. घरी जाऊन जाड वेळू चिरले आणि माणूसभर डालगं विणलं. दोन्ही अंगांनी बारा-बारा बरगड्या, आणि एकही मोकळी नाही. तेवढं तो मुंगसाकडून शिकला होता. डालगं गाडीत घातलं आणि सासुरवाडी गाठली.

भर दुपार होती. भामा विहिरीवर गेली होती. ओसरीतल्या बाजेवर तिची निळी गोधडी डोक्यावरून घेऊन कुणीतरी झोपलं होतं. सटवाला भरून आलं. त्याने हलकेच डालगं वरून ठेवलं, बाजेखालून दोर घेतला आणि करकचून बांधला. श्वासालासुद्धा जागा ठेवली नाही.

“आता तुला कुनी न्हेनार न्हाई,” तो म्हणाला.

गोधडीतून राघोजींचं डोकं बाहेर आलं.

“कोन हाय रं? काढ मला! आयायायाया, कांब रुतली! माझी बरगडी मोडली!”

सटवाचा हात दोर सोडायला गेला होता, तो तिथंच थांबला. बरगडी मोडली! असल्या माणसाने हलू नये. गाडीत घालावं. आहे तसं आणावं. त्याने रस्त्यावरच्या चौघांना हाका मारल्या. त्यांनी बाज, डालगं आणि राघोजी असं सगळं हसत हसत गाडीत चढवलं. राघोजी ओरडून ओरडून खोकायला लागले, तेव्हा सटवाने फटीतून उशीही आत कोंबली.

भामा घागर घेऊन वळणावर आली, तर समोरून बैलगाडी चाललेली, आणि गाडीत पिंजऱ्यात बाप. घागर तिथंच टाकून ती गाडीमागे धावत सुटली.

गाडी वैद्यबुवांच्या दारात आली तेव्हा बुवांनी कोयत्याने दोर कापला. राघोजींना तपासलं. “बरगड्या शाबूत आहेत,” ते म्हणाले. एवढं बोलून ते आत गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत. आतून हसू दाबल्याचा आवाज येत होता.

भामा धापा टाकत पोचली. तिने बापाकडे पाहिलं. डालग्याकडे पाहिलं. “ह्ये कुनासाठी इनलं?”

“तुझ्यासाठी,” सटवा म्हणाला. “तू मोलाची हायेस.”

भामाला राग यायचा होता, पण हसूच आधी आलं. हसता हसता डोळ्यांत पाणी आलं. ती पायरीवर बसली.

“आबा, मी हितंच राहते,” ती म्हणाली. “ह्यास्नी एकटं सोडलं तर समदं गाव पिंजऱ्यात जाईल.”

राघोजी अंग चोळत होते.

सटवाचा आनंद गगनात मावेना. भामा त्याला म्हणाली, “आता तरी शहान्यावानी वागा. आबा थकल्यात. त्यास्नी जसं आनलं, तसं निगुतीनं घरी पोचवा.”

“पोचवतो,” सटवा म्हणाला, आणि दोर आणि डालगं घेऊन सासऱ्यांकडे निघाला.