शिंगरावाचा दगड

माणसांनी वाटा पाडायच्या आधीच्या एका रानात शिंगराव नावाचा सांबरांचा राजा होता. पाणवठ्याजवळ एक खारट दगड होता. सांबरं तो चाटत आणि त्यालाच देव मानत. वानरांचा देव म्हणजे उगवता सूर्य. त्यांची म्हातारी गोदी जांभळीच्या शेंड्यावर बसून त्याला हात जोडी, आणि वाघ दिसला की ओरडून साऱ्या रानाला सावध करी.

शिंगरावाला हा दुसरा देव खुपू लागला. त्याने फर्मान काढलं, "आधी दगडाला डोकं टेका, मग पाणी प्या."

गोदी म्हणाली, "डोकं टेकेन, महाराज. पण पटणं काही माझ्या हातात नाही."

तेव्हा त्याने तिच्या नातीच्या पोटाला शिंगं लावली. गोदी वाकली. त्यानंतर तो रोज विचारी, "आता पटलं ना?" ती रोज म्हणे, "तुम्ही म्हणाल तसं, महाराज." शिंगराव खूश होता.

एका संध्याकाळी वारा पडला. रातकिडे एकाएकी गप्प झाले. दगडामागचं गवत हललं आणि शिंगराव जागीच थबकला. वास येईना, पळावं कुठे ते कळेना. त्याने वर पाहिलं. गोदी शेंड्यावर होती. पूर्वी ती न विचारताच ओरडायची.

"गोदी," तो पुटपुटला, "तिथे वाघ नाही ना?"

गोदीने गवताकडे पाहिलंच नाही. तिची नजर त्याच्या शिंगांवर होती.

"तुम्ही म्हणाल तसं, महाराज."