ठेंगणं दार

पेंढारी येणार अशी आवई उठली, तेव्हा सरदार हैबतरावांनी गावाला फर्मावलं, "घर राखायला लांब बंदूक हवी की पिस्तूल, ते प्रत्येकानं सांगा!"

भात कांडणारी साळूबाई म्हणाली, "मला दोन्ही नको."

"मग लुटारूंना ओवाळणार आहेस काय?"

"घरी चला, दाखवते."

साळूबाई पुढे होऊन आत शिरली. दार ठेंगणं होतं. मागोमाग सरदार कमरेत वाकले, तशी खांद्यावरची बंदूक चौकटीत अडकली, कमरेचं पिस्तूल पोटाखाली दबलं आणि मानेवर अलगद मुसळ टेकलं.

"सरकार, इथं येणाऱ्याचं डोकंच आधी आत येतं. मला एवढं मुसळ पुरे."

सरदार वाकल्या वाकल्याच हसत सुटले. आठवड्याभरात गावातली दारं ठेंगणी झाली. पहिली चौकट उतरली ती सरदारांच्याच घराची.