एंजलचे सहा दोस्त

टाकी नवी होती तेव्हाची गोष्ट. इंदूमावशींनी एक एंजल मासा आणि सहा निऑन मासे आणले. "सगळे एकाच मापाचे आहेत, गुण्यागोविंदानं राहतील," त्या म्हणाल्या. सातही जण एकत्र खेळत वाढले. म्हणजे वाढला एकटा एंजलच.

मग रोज सकाळी एकेक निऑन कमी व्हायला लागला. शेवटचाही गेला तेव्हा एंजल गोंधळून काचेवरच्या गोगलगायीकडे आला.

"आजी, झाकण तर बंद असतं. मग माझे दोस्त जातात कुठे? त्यांच्या काळजीनं मला हल्ली सकाळी भूकसुद्धा लागत नाही."

गोगलगाय शेवाळ खाता खाता थांबली. "बाळा, तू आलास तेव्हा तुझं तोंड फार लहान होतं."

एंजलला काहीच कळलं नाही. तेवढ्यात इंदूमावशी आल्या. "एकटा पडलाय बिचारा," म्हणत त्यांनी सहा नवे निऑन टाकीत सोडले.