मुकी पेटी

“आता तरी हो म्हणाल ना, मिस्त्री?”

मुनीरनं विचारलं आणि उत्तराची वाट न बघताच पेटीवरची चादर ओढली.

पेटी देखणी होती, त्यात वाद नाही. तुणाच्या लाकडाच्या पातळ फळ्या, वर मधाच्या रंगाचं पॉलिश, कडेनं कोरलेली वेलबुट्टी. आत मोठा बासचा स्पीकर पाठमोरा बसवलेला. त्याचा आवाज आतल्या आत वळणं घेत, रुंद होत होत पेटीच्या तोंडातून बाहेर यायचा. भोंग्याची पेटी म्हणतात तिला.

भूपाल मिस्त्रींच्या हाताखाली मुनीर ह्या पेट्या करायला शिकत होता. पोरगं मिरजेच्या, सतारी करणाऱ्या घरातलं. बापाशी, नबीसाबांशी, भांडून आलेलं.

“लाकडाला बोलतं करणारं घर आपलं,” नबीसाब म्हणाले होते, “आणि तू खोकी ठोकणार?”

“उरुसाला येऊन एकदा ऐका, अब्बा. नाही पटलं तर परत येतो. जन्मभर दुकानात बसतो, बस्स?”

“येईन. लाकडावर हात ठेवीन, मग बोलेन.”

उरूस उद्यावर आला होता. आणि मिस्त्री हो म्हणेपर्यंत त्यांच्या अंगणातून पेटी हलत नसे, मग ती कुणाचीही असो.

“टिचकी मारून बघा तरी!” म्हणत मुनीरनं स्वतःच मारली. फळी टणकन वाजली. “ऐकलंत? सतारीचं लाकूड आहे हे! अब्बांच्या हाताला लगेच कळेल.”

“वाजव,” मिस्त्री म्हणाले.

मुनीरनं ढोलकीचं गाणं लावलं. काय सांगावं महाराजा! फळ्या थरथरायला लागल्या, अंगणातल्या कोंबड्या कुंपणाबाहेर पळाल्या, आणि मुनीरला काय करू नि काय नको असं झालं. त्यानं पेटीला मिठीच मारली.

“मिस्त्री, हात लावा हो! जिवंत झालीय! अंगावर काटा आला माझ्या!”

मिस्त्रींनी हात लावला नाही. हातातली चहाची बशी तेवढी पेटीवर ठेवली. काठोकाठ भरलेली.

चहा नाचला. बघता बघता निम्मा फळीवर, वेलबुट्टीवर, खाली मातीत.

“बघा, बघा जोर!” मुनीरला हसू आवरेना.

“चहा कुठं गेला?”

“सांडला की.”

“मी पिणार होतो.”

“दुसरा आणतो.”

“तो पण इथंच ठेवीन.”

मुनीरचं हसू तोंडातच राहिलं. त्यानं गाणं बंद केलं.

“मिस्त्री... लाकूड बोलायला नको?”

“सतारीचं बोलू दे.”

“आणि पेटीचं?”

मिस्त्रींनी बशीत उरलेला घोट घेतला. मग कुंपणापलीकडच्या मैदानाकडं बोट केलं. तिथं उद्याच्या उरुसाचा मांडव उभा राहत होता.

“चहा तिकडच्या पाहुण्यांचा होता, मर्दा. तू वाटेतच सांडलास.”

...

मुनीर फळीकडं बघत राहिला. मग कळलं. हाताला लागत होता तो सगळा जोर फळ्यांनीच खाल्लेला. मैदानावर काय पोचणार, कपाळ!

“म्हणजे आतून आडव्या पट्ट्या?”

“हं.”

“बाहेरून जाड प्लाय?”

“हं.”

“माझी वेलबुट्टी झाकून जाईल, मिस्त्री!”

“हं.”

“आणि अब्बा? ते येऊन हात ठेवणार आहेत. त्यांच्या हाताला काय लागेल?”

मिस्त्री बशी विसळायला निघून गेले.

मुनीरला असा राग आला म्हणता! वाटलं, हातोडी फेकावी आणि चालू लागावं. पण चालू लागायचं तर वाट एकच, अब्बांच्या दुकानाची. मग शिव्या देत देत त्यानं करवत उचलली. पट्ट्या कापल्या, सरस लावला, स्क्रू आवळले. वेलबुट्टीवर प्लाय चढवताना त्याला रडू आलं, खोटं कशाला सांगू.

सरस वाळल्यावर त्यानं टिचकी मारली.

ठप्प.

“मेली,” मुनीर म्हणाला.

“ने आता मैदानावर,” मिस्त्री म्हणाले.

उरुसाच्या संध्याकाळी मैदान फुलून गेलं होतं. पेटीवर मिस्त्रींनी स्वतःच्या हातानं चहाची बशी ठेवली. काठोकाठ. गाणं सुरू झालं, ढोलकी कडाडली, आणि मुनीर कान टवकारून पेटीपाशी उभा राहिला.

फळीत काही नाही. थरथर नाही की काही नाही. बशीतल्या चहावर नुसती बारीक शिरशिरी.

“गेलं सगळं!” म्हणत तो आवाज वाढवायला धावला. मिस्त्रींनी त्याचं मनगट धरलं आणि हनुवटीनंच समोर दाखवलं.

मैदानाच्या पार दुसऱ्या टोकाला जिलेबीवाल्याची पातेली खणखणत होती. बाया हसत कानांवर हात ठेवत होत्या. मधली सगळी गर्दी उसळत होती, म्हातारेकोतारेसुद्धा टाचा आपटत होते. आणि जिलेबीच्या कढईजवळ नबीसाब छातीवर पंजा ठेवून थिजल्यासारखे उभे होते.

“अब्बा!” मुनीर ओरडला. एवढ्या गलक्यात कुणाला ऐकू जाणार!

नबीसाब गर्दीतून वाट काढत आले. मुलाकडं बघितलंही नाही. सरळ पेटीपुढं उभे राहिले आणि, ठरल्याप्रमाणे, फळीवर हात ठेवला.



नबीसाबांनी हात वर सरकवला. खाली सरकवला. कान लावला. पुन्हा स्वतःच्या छातीवर हात नेला, पुन्हा फळीवर. अख्ख्या हयातीत असं लाकूड त्यांच्या हाताला लागलं नव्हतं.

“मिस्त्री, तिकडं लांब माझ्या बरगड्या वाजत होत्या हो! काळीज हललं माझं!” त्यांचे डोळे पाणावले होते. “आणि इथं, ह्या पेटीत... काहीच नाही?”

मिस्त्रींनी पेटीवरची बशी उचलली. काठोकाठ होती तशीच नबीसाबांच्या हातात दिली.

“पोरानं आत काही ठेवलंच नाही.”