फाटकी भिंत

ती समोर काळ्या दगडाची भिंत दिसते ना पाव्हणं, या डोंगरापासून जवळजवळ त्या डोंगरापर्यंत? मधोमध कुणी कुऱ्हाड घातल्यासारखी फाटलीय, अन् त्या फटीतून नदी जाते. खालच्या रानात ते घराएवढे धोंडे पडलेत, तेही भिंतीचेच. पूर्वी ही भिंत अखंड होती, असं सांगतात. नदी तिच्या टोकाला वळसा घालून वाहायची, अन् वळणावर भोयांची वाडी होती.

त्या वाडीत साळू नावाची सून होती. तिचा सासरा म्हाळू, देवीचा भगत. एका आषाढात वर डोंगरात पाऊस कोसळत असताना खाली नदी अचानक आटली. मासे खडकांवर तडफडू लागले. पुरामुळं कित्येक दिवस कुणाला जाळं टाकता आलं नव्हतं, पोटं खपाटीला गेलेली. सगळी वाडी टोपल्या घेऊन पात्रात उतरली. साळूचा नवरा खंडू दोन्ही पोरांना घेऊन सगळ्यांच्या पुढं.

साळू मात्र काठावरच थांबली. वर एवढा पाऊस, मग पाणी गेलं कुठं? नक्की कुठंतरी दरड कोसळून अडलंय. ती काठावरून घसा फुटेस्तोवर ओरडली.

"अगं, लक्ष्मी पायांनी चालत आलीय, अन् तू कसली रडतेस!" बायका हसल्या. खंडूनं तर वळूनही बघितलं नाही.

सुनेचं कोण ऐकणार? देवीचं ऐकतील. साळूनं केस मोकळे सोडले अन् ती घुमायला लागली. "माळावर चला! सगळे वर चला! मागं राहील त्याला गिळीन!"

टोपल्या थबकल्या. म्हाळू भगत तिच्याकडं रोखून बघत काठावर आला. खोटं वारं त्याच्यापासून लपत नसे, अन् देवीचं सोंग घेणाऱ्या बाईला वाडीत थारा नव्हता. रीतीप्रमाणं त्यानं तिच्या तळहातावर कापूर ठेवला अन् पेटवला. अंगात खरी देवी असेल तर हात भाजत नाही, असा सगळ्यांचा विश्वास.

कापूर जळत राहिला. साळूच्या डोळ्यांपुढं अंधारी आली. हात हलला, तर पोरं पात्रातच राहणार होती. तिनं दात आवळले अन् म्हाळूच्या नजरेला नजर देऊन ती उभी राहिली. कापूर विझला. म्हाळूनं सुनेच्या पायांवर डोकं ठेवलं. ते बघितलं अन् वाडी माळाकडं धावत सुटली.

शेवटची म्हातारी वर पोचते न पोचते, तोच जमीन हादरली म्हणे. झाडं, चिखल, धोंडे घेऊन लोंढा आला. वळसा घ्यायला त्याला सवड कुठली? तो सरळ भिंतीवर आदळला अन् भिंत उभी फुटली. वाडीचा मागमूस उरला नाही, पण माणूस एकही गेलं नाही.

लोक साळूच्या पाया पडायला धावले. खंडूनं तिचा हात हातात घेतला, तशी ती कळवळली. तळहातावर कातडं उरलं नव्हतं. म्हणजे अंगात देवी नव्हतीच, अशी कुजबुज सुटली. मग म्हाळू पुढं आला.

"कातडं करपल्याचा वास मला तेव्हाच आला होता, पोरी," तो म्हणाला. "पण एवढं सोसून कुणी उगाच खोटं बोलत नाही."

आजही आमच्या गावात पावसाळ्यात नदीत उतरताना देवीला कौल लावत नाहीत, घरच्या सुनेला विचारतात. ती नको म्हणाली, की भल्याभल्यांनी काठावर बसायचं. तुम्हाला फटीपाशी जायचंय ना? आमची सून आत चुलीपाशी आहे. आधी तिला विचारून या.