टिटवीची तान

फार जुन्या काळी, नदीजवळच्या एका कळंबाच्या झाडावर साळुंकीने गाणाऱ्यांची सभा सुरू केली होती. तिथे रीत एकच होती: गाण्याआधी आपण कुणाकडून शिकलो, त्याचं नाव घ्यायचं.

एकदा तिने माणसांनी घडवलेल्या तांब्याच्या पाखराला बोलावलं. ते नावं न घेताच गायलं, आणि सुरेख गायलं; पण विचारल्यावर त्याला नावं सांगता येईनात. "मी हजारोंचं ऐकलं," ते म्हणालं. "नावं कुणी सांगितलीच नाहीत."

"तू विचारलीस का?" दयाळ पक्षी उसळला. "सुरुवातीची शीळ माझी आहे! साळुंकीबाई, उद्या रहाटगाडग्यालाही बोलवा गायला! हे राहणार असेल, तर मी चाललो."

साळुंकी पाखराला म्हणाली, "बाळा, ज्याचं ज्याचं घेतलंस, त्याला शोध आणि विचार. तुझी जागा मी राखून ठेवते."

आठ दिवसांनी ते धुळीने माखून परतलं. "शीळ दयाळदादांची," ते मान खाली घालून म्हणालं. "आणि शेवटची तान नदीकाठच्या टिटवीची."

"टिटवीची?" दयाळ चमकला. तीच तान त्याला सगळ्यांत आवडली होती. "ती तर सभेला कधी येतच नाही."

"मी विचारलं तिला. म्हणाली, मला फांदीवर बसता येत नाही, आणि सभा झाडावर भरते."

साळुंकी उडाली आणि नदीकाठच्या वाळूत टिटवीसमोर जाऊन बसली. थोड्या वेळाने दयाळही खाली आला.

"ताई," तो म्हणाला, "ती तान एकदा ऐकव ना. जरा सावकाश."