चार्जर काढल्यावरचा भाव

वस्तूंना वाचा होती तेव्हाची गोष्ट. सुमंत दुकानदार एक वापरलेला लॅपटॉप कायम चार्जर लावूनच दाखवायचा आणि पंधरा हजार सांगायचा. गिऱ्हाइकं संशयाने बघून निघून जायची.

एकदा शिकवण्या घेणाऱ्या हलिमाबाई येऊन त्यावर टाइप करू लागल्या. लॅपटॉप चार्जरला म्हणाला, "तू बाजूला हो."

"दहा मिनिटांत बंद पडशील. मग कोण घेणार तुला?"

"पडेन. पण माझा भाव तुझ्या जोरावर ठरायला नको."

लॅपटॉपने अंग झटकलं, चार्जर खाली पडला. दहा मिनिटांत पडदा काळा झाला.

सुमंत ओशाळला. "बॅटरी नवी लागेल, बाई. तिचे तीन हजार कमी द्या. बाकी मशीन चांगलं आहे."

हलिमाबाईंनी बारा हजार पुढे केले. "बॅटरीचं खरं सांगितलंत, म्हणून बाकी मशीन चांगलं आहे हेही आता खरं वाटतंय."